वर्कशॉपमधली माणसं मन लावून काम कधी करतात: मालक आणि सुपरवायझरसाठी नव्वद दिवसांचा क्रम

"पोरांना कामाची आवडच राहिली नाही" ही तक्रार भोसरीपासून शिरोलीपर्यंत कुठल्याही एमआयडीसीत ऐकायला मिळते. तिच्यावरचे उपायही ठरलेले असतात. एक इन्सेंटिव्ह स्कीम, भिंतीवर घोषवाक्याची पाटी, वर्षातून एकदा बाहेरून बोलावलेला वक्ता. महिनाभर आकडे हलतात आणि मग जैसे थे. बहुतेक ठिकाणी माणूस कामावर येताना पुरेशी इच्छा घेऊन येतो. ती दिवसभरात कशाने मरते हे न बघता वरून पैसे ओतले, की पैसेही जातात आणि विश्वासही.

पुढचा क्रम वीस ते साठ माणसांच्या कारखान्यासाठी आहे: सीएनसी, व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारी कटिंग मशीनं), प्रेस शॉप, फॅब्रिकेशन. ऑफिसलाही तो लागू पडतो, पण उदाहरणं मशीनवरची आहेत. पायऱ्यांचा क्रम बदलू नका. इन्सेंटिव्ह सातव्या पायरीवर ठेवलाय तो मुद्दाम.

१. आधी रजिस्टरं वाचा (पहिला आठवडा)

कोणाशीही बोलण्याआधी मागच्या बारा महिन्यांची हजेरी, उचलीची वही, रिजेक्शनच्या नोंदी आणि सोडून गेलेल्यांची यादी टेबलावर घ्या.

सोडून गेलेल्यांच्या यादीत प्रत्येकाने किती दिवस काम केलं ते लिहा. पहिल्या नव्वद दिवसांतच बरेच गेले असतील, तर भरतीच्या वेळी सांगितलेलं आणि प्रत्यक्षात मिळालेलं यात फरक आहे, किंवा नव्या माणसाला शिकवायला कोणी नव्हतं. दोन-तीन वर्षं काढून गेले असतील, तर त्यांना पुढे काही दिसत नव्हतं, किंवा काल आलेल्याला त्यांच्यापेक्षा जास्त पगार मिळाला होता.

हजेरीत दांड्या कुठे साठल्यात ते पाहा. एकाच पाळीत साठल्या असतील तर त्या पाळीच्या सुपरवायझरकडे पाहा. साप्ताहिक सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी साठल्या असतील (पिंपरी-चिंचवड पट्ट्यात ही सुट्टी बहुतेक गुरुवारी असते), तर सुट्टीच्या दिवशी किती जणांना ओव्हरटाइमला बोलावलं होतं ते तपासा. ज्याला आठवड्याची सुट्टी मिळत नाही, तो ती स्वतःच घेतो.

रिजेक्शन माणूस आणि मशीन अशा दोन्ही बाजूंनी लावून पाहा. माणसं बदलली तरी त्याच मशीनवर रिजेक्शन येत असेल, तर दोष मशीनचा, टूलिंगचा किंवा मोजण्याच्या साधनाचा आहे. मशीन बदललं तरी त्याच माणसाकडून येत असेल, तर शिकवण्यात कमी पडलंय.

आता प्रत्येक अडचण तीनपैकी एका खान्यात टाका: येत नाही, करता येत नाही, करावंसं वाटत नाही. पहिल्याला शिकवणं लागतं, दुसऱ्याला साधन किंवा अधिकार, आणि फक्त तिसऱ्याचा प्रेरणेशी संबंध असतो. नेहमीचा घोटाळा असा: २५ मिलिमीटरच्या बोअरला (भोकाला) एच७ टॉलरन्स दिलाय, म्हणजे माप २५.००० ते २५.०२१ मध्ये हवं. ऑपरेटरच्या हातात मात्र ०.०२ लीस्ट काउंटचा, म्हणजे त्याहून बारीक फरक न दाखवणारा व्हर्नियर. जेवढा टॉलरन्स तेवढीच व्हर्नियरची एक रेघ! त्याला माप कळणारच नाही, आणि महिन्याच्या शेवटी रिजेक्शनच्या आकड्यावरून तो "निष्काळजी" ठरतो. त्याला हवाय भोकाचं आतलं माप बारीक दाखवणारा डायल बोअर गेज. प्रेरणेवरचं भाषण त्याला दिलं, तर ते त्याला अपमानासारखं वाटतं, आणि त्याचं चुकत नाही.

२. वीस मिनिटं, एकेकाशी (दुसरा आणि तिसरा आठवडा)

तीस माणसं असतील तर रोज तिघांशी बोला. जागा केबिनची नको, मशीनजवळचीही नको. स्टोअरचा कोपरा किंवा जेवणाची जागा चालते. वेळ पाळीतलीच द्या. सुट्टी झाल्यावर थांबवलं, की माणूस घड्याळ बघत उत्तरं देतो. बोलणारा त्याचा थेट सुपरवायझर नसावा. मालक किंवा प्लँट मॅनेजर असावा. बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातून आलेल्यांशी हिंदीत बोला. वीस वर्षांच्या पोराला "तू" म्हणायची रीत असली, तरी या वीस मिनिटांत सगळ्यांना "तुम्ही" म्हणा.

"तुम्ही खूश आहात का?" असं विचारू नका. "हो साहेब, सगळं चांगलं चाललंय" याशिवाय उत्तर येणार नाही. ठरावीक प्रसंग विचारा. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५९ साली प्रसिद्ध केलेला पिट्सबर्ग भागातल्या सुमारे दोनशे इंजिनिअर आणि हिशेबनिसांचा अभ्यास याच पद्धतीने झाला होता: कामाबद्दल फार चांगलं कधी वाटलं आणि फार वाईट कधी वाटलं, ते प्रसंगासकट सांगा.

चार प्रश्न पुरतात:

- मागच्या महिन्यात कुठल्या दिवशी घरी जाताना वाटलं, आज काम झालं? त्या दिवशी काय घडलं होतं?
- कुठल्या दिवशी वैताग आला?
- रोज कशाची वाट बघत थांबावं लागतं?
- तुमच्या हातात असतं, तर इथली कुठली एक गोष्ट उद्याच बदलली असती?

पहिल्या प्रश्नाला उत्तर लगेच येत नाही. बोलणं साधारण असं होतं:

"तसं रोजच होतं की काम, साहेब."
"रोजचं नको काका, एखादा दिवस सांगा."
"मग ते एक्सपोर्टचं मटेरियल अडकलं होतं ना, तेव्हा. फिक्स्चर बसत नव्हतं. मीच पॅकिंग लावून बसवलं. रात्री दहाला गाडी भरून गेली."

या चार वाक्यांत बरंच आलं. निर्णय त्याचा स्वतःचा होता, काम शेवटाला गेलेलं त्याने डोळ्यांनी पाहिलं, आणि माल कुठे चाललाय हे त्याला माहीत होतं. पगाराचा उल्लेख नाही. दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात मात्र पगार, ओव्हरटाइमचा हिशेब, सुपरवायझरची भाषा आणि संडास हमखास येतात. चांगल्या आठवणी कामातून आणि वाईट आठवणी कामाच्या भोवतालातून येतात, हा हर्झबर्ग यांचा मुख्य निष्कर्ष. त्यावर आक्षेपही जुना आहे: चांगलं झालं की माणूस श्रेय स्वतःला देतो आणि वाईट झालं की बोट बाहेर दाखवतो. तो खरा धरला तरी दोन याद्या वेगळ्या ठेवण्याचा उपयोग कमी होत नाही, कारण दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत.

उत्तरं त्याच्याच शब्दांत वहीत लिहा. मधे समजावायला जाऊ नका. वही बंद करून "तुमचं बरोबर आहे, पण" असं सुरू केलंत, की पुढची सत्तावीस माणसं "सगळं चांगलं चाललंय" एवढंच सांगतील. बातमी चहाच्या सुट्टीपर्यंत पोचलेली असते.

संभाषणं चालू असतानाच, सात दिवसांच्या आत, आलेल्यांपैकी एक छोटी गोष्ट दुरुस्त करून दाखवा: गळकं कुलंट (कापताना टूल गार ठेवणारं द्रव), बंद पडलेला पंखा, हातमोज्यांसाठी स्टोअरला तीनदा मारावी लागणारी फेरी. ते जमणार नसेल तर बोलणीच सुरू करू नका. विचारून काहीच न करण्यापेक्षा न विचारलेलं बरं.

३. पगार, पाणी, पंखा (दुसऱ्या महिन्याच्या आत)

ही वैतागाची यादी. ती संपवल्याने कोणी जास्त काम करू लागणार नाही. ती तशीच ठेवली, तर पुढची एकही पायरी चालत नाही.

पगार ठरलेल्या तारखेला झालाच पाहिजे. हजारापेक्षा कमी कामगार असलेल्या ठिकाणी सात तारखेच्या आत पगार द्यायचा, हा नियम १९३६च्या वेतन प्रदान कायद्यापासून आहे. सातला देणार असाल तर दर महिन्याला सात. एका महिन्यात पाच आणि दुसऱ्या महिन्यात अकरा झाली, की माणसं तुमच्या पार्टीचं पेमेंट आलं का याचा अंदाज बांधत बसतात, आणि त्या आठवड्यात दुसरीकडे चौकशीही सुरू होते.

ओव्हरटाइमचा हिशेब पगारचिठ्ठीवर उलगडून लिहा. उदाहरणार्थ, महिना १५,६०० रुपये भागिले २६ म्हणजे दिवसाचे ६००. भागिले ८ म्हणजे तासाचे ७५. कायद्याने दुप्पट, म्हणजे १५०. तीन तासांचे ४५०. "ओटी: २,७००" असा एकच आकडा छापला, तर माणूस मोबाइलमधल्या कॅल्क्युलेटरवर वेगळा आकडा काढतो, आणि तुम्ही बरोबर असलात तरी त्याच्या लेखी चोर ठरता. सिंगल रेटने ओव्हरटाइम देणाऱ्यांना या लेखाचा काही उपयोग नाही. त्यांनी आधी ते थांबवावं.

दिवाळी बोनसचं सांगायलाच हवं. १९६५च्या बोनस कायद्याने ठरवलेली किमान ८.३३ टक्के आणि कमाल २० टक्के ही मर्यादा नव्या वेतन संहितेतही तशीच आहे. किमान बोनस हा पात्र कामगाराचा हक्क आहे. तो पाकिटात घालून, रांग लावून, भाषण ठोकून दिला, की घेणारा मनात म्हणतो, माझंच मला देतोय. हक्काचा बोनस मुकाट्याने बँकेत जमा करा. मिठाईचा बॉक्स मात्र हातात द्या, खंडेनवमीला मशीनची पूजा ऑपरेटरच्या हातून होऊ द्या. तिथे तुमच्या उपस्थितीला किंमत आहे.

बाकी पाणी, संडास, कपडे बदलायची जागा, उन्हाळ्यात पत्र्याखालची हवा. यावर लांबण लावायची गरज नाही. एक परीक्षा आहे: मालकाने आणि ऑफिसच्या माणसांनी महिनाभर कामगारांचाच संडास वापरायचा. पहिल्याच आठवड्यात दुरुस्ती होते.

४. शेजारच्याला काय मिळतं

माणूस आपला पगार बाजाराशी क्वचित ताडून पाहतो. शेजारच्या मशीनवाल्याशी रोज ताडतो. मानसशास्त्रज्ञ जॉन स्टेसी ॲडम्स यांनी १९६३ मध्ये मांडलेला समतेचा सिद्धांत हेच सांगतो: आपण घालतो किती आणि मिळतं किती, याची तुलना दुसऱ्याच्या घालण्या-मिळण्याशी होते. तोल गेला, की माणूस पगार वाढवून मागतो, नाहीतर काम कमी करतो. दुसरं सोपं असतं.

लहान कारखान्यात हा तोल तीन ठिकाणी बिघडतो. नवा माणूस मिळत नाही म्हणून त्याला जास्त पगारावर घेतलं जातं आणि त्याला शिकवणारा जुना माणूस खालीच राहतो. ओव्हरटाइम सुपरवायझरच्या मर्जीतल्यांना मिळतो. उचल कोणाला लगेच मिळते आणि कोणाला "बघू" मिळतं.

उपाय कागदी आहेत आणि चालतात.

कौशल्याचा तक्ता करा. उभ्या रांगेत माणसं, आडव्या रांगेत कामं: लोडिंग, पहिला पीस तपासणं, ऑफसेट देणं (मशीनमध्ये मापाची दुरुस्ती भरणं), इन्सर्ट (टूलची कापणारी, बदलता येणारी पाती) बदलणं, सेटिंग (नव्या जॉबसाठी मशीन लावून देणं), ड्रॉइंग वाचणं, दुसऱ्याला शिकवणं. प्रत्येक खान्यात शून्य ते चार: माहीत नाही, मदतीने करतो, एकटा करतो, अडचण सोडवतो, शिकवतो. एकूण गुणांवर चार श्रेणी ठरवा आणि प्रत्येक श्रेणीचा पगार किती ते किती हे जाहीर करा. नेमका आकडा सांगू नका, पट्टा सांगा. तक्ता भिंतीवर लावा. दर सहा महिन्यांनी परीक्षा मशीनवरच घ्या, आणि घेणारे दोघे असू द्या.

हा तक्ता पहिल्या वर्षी हमखास एका कारणाने फसतो. गुण वाढतात, पगार वाढत नाही. "यंदा ऑर्डर कमी आहेत" हे कारण खरं असेल, पण ते तक्ता लावण्याआधी सांगायचं असतं. वर्षाच्या पगारवाढीतला किती भाग तक्त्यासाठी ठेवलाय ते आधी ठरवा, मग खिळा ठोका.

ओव्हरटाइमसाठी फिरती यादी आणि उचलीसाठी एक नियम लावा: उदाहरणार्थ महिन्याच्या पगाराच्या २५ टक्क्यांपर्यंत, वर्षातून तीनदा, न विचारता, त्यापुढे मालकाची सही. नियम कडक असला तरी चालतो, पण सगळ्यांना एकच हवा.

५. कामातला ताबा

खरी जमीन इथे आहे, आणि बहुतेक कारखाने इथपर्यंत येतच नाहीत. रिचर्ड हॅकमन आणि ग्रेग ओल्डहॅम या अभ्यासकांनी १९७०च्या दशकात कामाचे पाच गुण मांडले: वेगवेगळी कौशल्यं लागणं, काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत हाताखालून जाणं, त्याचा कोणाला उपयोग आहे हे कळणं, निर्णयाची मुभा, आणि काम कसं झालं हे कामातूनच कळणं. मशीन शॉपमध्ये शेवटच्या तिन्हींवर महिनाभरात काम करता येतं.

निर्णयाची मुभा म्हणजे "तुम्हीच बघा काय ते" नव्हे. मुभेला आकडा लागतो. वरचंच २५ एच७ बोअरचं उदाहरण घ्या. इन्सर्ट झिजत जातो तसा बोअर लहान होत जातो. सेटर २५.०१४वर लावून देतो. सध्याची पद्धत अशी, की माप खाली सरकलं की ऑपरेटर सेटरला हाक मारतो, सेटर दुसऱ्या मशीनवर असतो, पंधरा मिनिटं जातात, किंवा हाक न मारताच पीस निघत राहतात. त्याऐवजी हे लिहून मशीनवर लावा:

- दर दहाव्या पीसला बोअर गेजने माप घ्या आणि कार्डावर लिहा.
- माप २५.००६ किंवा खाली आलं, की एक्स वेअर ऑफसेट ऑपरेटरने स्वतः द्यावा. एका वेळी जास्तीत जास्त ०.०१.
- एका इन्सर्टवर तीनदा ऑफसेट देऊन झाला, की चौथ्यांदा इन्सर्टची कड बदला.
- दहा पीसच्या आत माप ०.००८पेक्षा जास्त सरकलं, तर मशीन थांबवा आणि सेटरला बोलवा. थांबवल्याबद्दल कोणीही जाब विचारणार नाही.

आकडे तुमच्या जॉबप्रमाणे बदलतील. शेवटची ओळ मात्र बदलू नका, आणि ती पहिल्यांदा वापरली जाईल त्या दिवसासाठी तयार राहा. ऑपरेटरने मशीन थांबवलं, कारण किरकोळ निघालं, डिस्पॅच अडकलाय, आणि सुपरवायझर सगळ्यांसमोर म्हणाला "एवढ्यासाठी थांबवलं?" तर तो कागद तिथेच मेला.

या पद्धतीत दोन गोष्टी हमखास बिघडतात. दोन पाळ्या एकमेकांचे ऑफसेट उलटसुलट करतात. म्हणून पाळी बदलताना शेवटचं माप आणि ऑफसेट किती वेळा दिला हे कार्डावर लिहून, दोघांनी मशीनपाशी दोन मिनिटं उभं राहून सांगायचं. दुसरं, सुट्टीनंतर गार मशीनवर सकाळचे पहिले पीस वेगळे येतात. ऑपरेटर लगेच ऑफसेट देतो, आणि तासाभरात मशीन तापलं की माप उलट बाजूला जातं. सुट्टीनंतर पंधरा-वीस मिनिटं स्पिंडल रिकामा फिरवा आणि त्यानंतरच दुरुस्ती करू द्या.

उपयोग कळण्यासाठी भाषण लागत नाही. ज्या जुळणीत आपला पीस बसतो ती जुळणी एकदा मागवून मशीनशेजारी टेबलावर ठेवा. बुश कुठे बसतो, मोठा झाला तर काय ढिलं होतं, लहान झाला तर प्रेसवर काय फुटतं हे हाताने करून पाहू द्या. ग्राहकाकडे तक्रार गेली की क्वालिटीच्या माणसाबरोबर तो पीस काढणाऱ्या ऑपरेटरलाही न्या. चाकणच्या लाइनवर आपला माल अडकलेला एकदा पाहिला, की सूचनाफलकावरच्या दहा कागदांचं काम होतं. त्याला शिक्षा म्हणून नेलं जातंय असं वाटू नये, म्हणून पहिल्या फेरीला तक्रार नसतानाच न्या.

६. बोर्ड आणि शाबासकी

प्रत्येक मशीनला तासाचा बोर्ड: वेळ, ठरलेले, झालेले, कारण. ठरलेला आकडा हवेतून काढू नका. सायकल (एका पीसला मशीन घेतं तो वेळ) ११० सेकंद, काढणं-लावणं २५, मिळून १३५. तासाला २६ बसतात. मापं घेणं आणि बुरादा काढणं धरून २४ लिहा. पाळीतले साडेसात तास धरले तर १८०.

बोर्डाचा जीव कारणाच्या खान्यात असतो, आणि तो खाना ऑपरेटरचा. "मटेरियल नाही, २० मिनिटं" असं त्याने लिहिलं, तर सुपरवायझरने त्याच पाळीत शेजारी काय केलं ते लिहायचं. आठ दिवस उत्तर आलं नाही, की कारणं लिहिणं बंद होतं. बोर्ड मेल्याची खूण ओळखायला सोपी आहे: आठही खाने एकाच पेनाने, एकाच दमात, सुट्टीच्या पाच मिनिटं आधी भरलेले असतात, आणि सगळीकडे २४ असतात.

शाबासकी चोवीस तासांच्या आत आणि नेमक्या कामाची. "छान चाललंय" याला वजन नसतं. "काल तिसऱ्या पाळीत कुलंट कमी येतंय हे तुम्ही वेळेवर पाहिलंत, नाहीतर ड्रिल जळालं असतं" याला असतं. सगळ्यांसमोर म्हणायची गरज नाही. बऱ्याच जणांना ते अवघड होतं आणि मग दिवसभर टोमणे खावे लागतात. "महिन्याचा उत्तम कामगार" हा फोटो लावूच नका. तीस जणांत एक खूश, चार नाराज, बाकीच्यांना पुढचा नंबर कोणाचा हे आधीच ठाऊक.

७. आता इन्सेंटिव्ह

१९३१-३२ मध्ये शिकागोजवळच्या सिसेरो इथल्या वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या हॉथॉर्न कारखान्यात टेलिफोनच्या स्विचचं वायरिंग करणाऱ्या चौदा पुरुषांचा गट अभ्यासकांनी पाहिला. गटाला उत्पादनावर पैसे मिळत होते. तरी त्यांनी आपापसांत दिवसाचं काम ठरवून टाकलं होतं, आणि त्यावर जाणाऱ्याला ते हातावर बुक्की मारून भानावर आणत. आज जास्त काढलं तर उद्या दर कमी होईल, ही भीती त्यामागे होती. उजेड वाढवला तरी आणि कमी केला तरी उत्पादन वाढलं, ही हॉथॉर्नच्या आधीच्या प्रयोगाची गोष्ट सगळे सांगतात. मालकाच्या कामाची गोष्ट ही आहे.

क्लीव्हलंडच्या लिंकन इलेक्ट्रिक या वेल्डिंग कंपनीत पीस रेट कित्येक दशकं टिकला, कारण कामगार जास्त कमावतो म्हणून दर कापायचा नाही, पद्धत किंवा मशीन बदललं तरच नव्याने ठरवायचा, हा नियम पाळला गेला. १९५८पासून नोकरीची हमीही होती.

पैशाने आवड मरते, असं वक्ते हमखास सांगतात. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी यांच्या १९७१च्या प्रयोगात कोडी सोडवायचे पैसे मिळालेले विद्यार्थी नंतर मोकळ्या वेळात ती कोडी कमी खेळले, हे खरं. पण कोडी मुळात मजेची होती. प्रेसवर दिवसाला चार हजार वॉशर काढण्यात मारण्याजोगी मजा नसते. तिथे पैसे सरळ काम करतात. सेटिंग, डाय दुरुस्ती, शिकवणं अशा डोक्याच्या कामांना नगावर पैसे लावू नका; तिथे श्रेणी आणि पगार वाढवा.

नियम:

- सूत्र अर्ध्या पानात मावावं आणि ऑपरेटरला स्वतः मांडता यावं. वरच्या मशीनला पाळीत १६५ चांगले पीस हा पाया. पुढच्या प्रत्येकाला ३ रुपये. १८० काढले तर ४५. पंचवीस दिवसांचे १,१२५.
- फक्त पास झालेले पीस मोजा. रिजेक्टचे पैसे पगारातून कापू नका. कपातीवर कायद्याची बंधनं आहेत, शिवाय माणसं रिजेक्ट पीस लपवायला लागतात आणि ते थेट ग्राहकाकडे सापडतात.
- मटेरियल किंवा वीज नसल्याने गेलेला वेळ पायातून वजा करा.
- पगाराच्या १५ टक्क्यांपलीकडे नेऊ नका. त्यापुढे गार्ड काढून मशीन चालवलं जातं आणि साफसफाई बंद होते.
- दर कधी बदलेल हे लेखी द्या: सायकल, टूलिंग किंवा मशीन बदललं तरच. मालकाची सही.
- काम एकमेकांवर अवलंबून असेल तर चार ते आठ जणांचा गट धरा.

उशिरा येण्यावर दंड लावण्याआधी हैफाची गोष्ट माहीत असू द्या. इस्रायलमधल्या त्या शहरात काही पाळणाघरांनी मुलांना उशिरा न्यायला येणाऱ्या पालकांना दंड लावला. उशिरा येणारे वाढले, आणि दंड काढल्यावरही कमी झाले नाहीत. हा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. शरम गेली होती आणि तिच्या जागी भाडं आलं होतं. लेट मार्कचे पन्नास रुपये ठरवलेत, की काही जण ते भरून निवांत येतात. त्यापेक्षा सुपरवायझरने त्याच दिवशी "काय झालं?" एवढं विचारलेलं जास्त लागू पडतं. निम्म्या वेळा कारण बसचं निघतं.

८. सुपरवायझर

सगळ्यात चांगल्या ऑपरेटरला सुपरवायझर करतात, आणि एका दिवसात कारखाना चांगला ऑपरेटर गमावून कच्चा सुपरवायझर कमावतो. त्याला तीन गोष्टी शिकवाव्या लागतात: काम तुकडे पाडून दुसऱ्याला शिकवणं, चूक एकट्याला बाजूला घेऊन सांगणं, आणि पाळीच्या सुरुवातीची दहा मिनिटांची उभ्यानं बैठक घेणं. बैठकीत काल काय अडलं, आज काय जायचंय, कोण कुठे, बस. त्याच्याखाली थेट दहा-बारापेक्षा जास्त माणसं नकोत.

त्याचा उत्साह मात्र बहुतेक वेळा मालकच मारतो. मालक शॉपवर येतो, थेट ऑपरेटरला "हा जॉब काढ, तो लाव" म्हणतो आणि निघून जातो. त्या क्षणापासून सुपरवायझरचं सकाळचं नियोजन रद्दी. बदल हवा असेल तर त्याला सांगा, त्याला सांगू द्या. त्याच्या हातात थोडे पैसे आणि थोडे निर्णयही ठेवा: महिन्याला दोन-तीन हजारांची किरकोळ खरेदी, दोन तासांची रजा मंजूर करणं.

९. काय मोजायचं आणि कशाशी ताडायचं

चार आकडे पुरे: न सांगता गैरहजेरी, नव्वद दिवसांच्या आत सोडून गेलेले, पहिल्याच तपासणीत पास झालेले पीस, आणि बोर्डावरच्या कारणांपैकी त्याच पाळीत उत्तर मिळालेली. तीस माणसं गुणिले २६ म्हणजे ७८० दिवस. त्यात ४७ दांड्या म्हणजे ६ टक्के. आकडे सगळ्यांना दिसतील असे लावा, नावं नकोत.

मागच्या महिन्याशी तुलना करू नका. मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा. जूनमध्ये पेरणीला गावाकडची माणसं जातात, मेमध्ये लग्नं, कोकणातले गणपतीला जाणारच, बिहारचे छठला. ही गैरहजेरी नाराजीची नाही. उलट जानेवारीतच रजांचा तक्ता मांडून कोण कधी जाणार हे लिहून घेतलं, तर न सांगता मारलेल्या दांड्या सांगून घेतलेल्या रजा होतात आणि ऑर्डरचं नियोजनही जमतं. सण तिथीने सरकतात, म्हणून तुलना करताना कॅलेंडर शेजारी ठेवा.

नव्वद दिवसांनंतरही दोन-तीन माणसं हलत नाहीत. त्यांची वही पुन्हा काढा. कर्ज, दारू, घरातलं आजारपण किंवा शेजारच्या कारखान्यात आधीच दिलेला शब्द, यातलं एखादं कारण बहुतेक वेळा त्या पानावर आधीच लिहिलेलं असतं. पहिल्या तीन कारणांत मदत करता येते ती करा. शब्द देऊन बसलेला असेल तर त्याचा हिशेब वेळेत पूर्ण करा आणि त्याच्या मशीनवर कौशल्याच्या तक्त्यातला पुढचा माणूस आठवडाभर आधीच उभा करा.